परमवीर चक्र घडवणाऱ्या सावित्रीबाई



आपल्या नसरापूर परिसरात आणि भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत फौजेत गेलेला माणूस ही काही नवलाची गोष्ट नाही. कुणाचा मुलगा सीमेवर असतो, कुणाचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त होऊन शेती पाहत असतात. अनेक घरांत भिंतीवर गणवेशातला एक जुना फोटो असतो आणि त्या फोटोत छातीच्या डाव्या बाजूला रंगीत फितींची एक ओळ असते. आपण त्या फिती पाहतो, त्यांचे कौतुकही करतो. पण एखादी फीत कशाची, तिचा रंग असा का, तिच्याखाली लटकणाऱ्या पदकावर काय कोरले आहे, हे सहसा विचारत नाही.

प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात परमवीर चक्राचे मानकरी जीपमधून जाताना दिसतात. समोरून जाणारा मोठा अधिकारीही त्यांना आदराने सलाम करतो. त्यांच्या छातीवर जांभळ्या फितीला टांगलेले एक छोटेसे पदक असते. ते सोन्याचे नाही, चांदीचेही नाही. साध्या कांस्याचे आहे. युद्धात शत्रूसमोर दाखवलेल्या पराक्रमासाठी आपल्या देशात यापेक्षा मोठा सन्मान नाही. आजवर तो केवळ २१ जणांना मिळाला आणि त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर.

हे पदक ज्यांच्या हातून आकाराला आले त्या भारतात जन्मल्या नव्हत्या. त्या युरोपात जन्मल्या, विशीच्या आत भारतात आल्या, एका मराठी घराच्या सून झाल्या आणि सावित्रीबाई खानोलकर या नावाने जगल्या. या रविवारी आपण त्यांचे जीवन समजून घेऊ या.

युरोपातील मुलगी

त्यांचे जन्मनाव ईव्ह इव्होन माडे द मारोस. २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे त्यांचा जन्म झाला. वडील आंद्रे द माडे मूळचे हंगेरीचे, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन, शिक्षणक्षेत्रात काम करणारी. म्हणजे घर एक, पण त्यात तीन देशांच्या भाषा आणि चालीरीती. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट लवकर कळते. माणूस एका मातीत जन्मतो हे खरे, पण तो तेवढ्याच मातीचा राहतो असे नाही.

ईव्हचे बालपण जिनिव्हा शहरात गेले. पहिले महायुद्ध संपले होते. पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून राष्ट्रांनी स्थापलेल्या राष्ट्रसंघाचे मुख्य ठाणे याच शहरात होते. वडिलांमुळे पुस्तकांची दारे तिला लहानपणापासून उघडी होती. या वाचनातूनच भारत नावाचा दूरचा देश, तिथली पुराणे आणि तिथले तत्त्वज्ञान यांची ओढ तिच्या मनात रुजली. अजून भारत पाहिलेला नव्हता, भारतीय माणूसही फारसा पाहिलेला नव्हता.

१९२९ साली तो योग आला. विक्रम रामजी खानोलकर हा तरुण इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात अधिकारी होण्याचे शिक्षण घेत होता. सुट्टीत तो आल्प्स पर्वताच्या प्रदेशात आला होता. ईव्ह तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. ओळख झाली, पत्ता घेतला गेला, पत्रे सुरू झाली. विक्रम शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला, तरी पत्रे थांबली नाहीत.

माहेर सोडून

मुलीने इतक्या दूर, अनोळखी देशात जावे हे वडिलांना मान्य नव्हते. कोणत्या बापाला असते? आपल्याकडे पलीकडच्या तालुक्यात मुलगी द्यायची झाली तरी आईवडील दहा वेळा विचार करतात. इथे तर मधे समुद्र होता, भाषा वेगळी, धर्म वेगळा, शिवाय तो देश त्या काळी पारतंत्र्यात. पण ईव्हचा निश्चय पक्का होता. काही वर्षांनी ती बोटीने भारतात आली आणि १९३२ साली लखनौ येथे तिचा विक्रम यांच्याशी विवाह झाला. तिने पतीचा धर्म स्वीकारला आणि सावित्री हे नाव घेतले.

विक्रम खानोलकर शीख रेजिमेंटमध्ये अधिकारी होते. त्या काळी लष्करी छावणीतील अधिकाऱ्यांचे जीवन पूर्णपणे इंग्रजी वळणाचे असे. क्लब, मेजवान्या, इंग्रजी संभाषण. एका युरोपीय तरुणीला या वातावरणात सहज रमता आले असते आणि कुणी नावेही ठेवली नसती. सावित्रीबाईंनी वाट उलटी धरली. त्यांनी सुती साडी नेसायला सुरुवात केली, मांसाहार सोडला, मराठी आणि हिंदी शिकून घेतली. एवढ्यावर न थांबता त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, वेद-उपनिषदे आणि पुराणे वाचली, भारतीय संगीत आणि नृत्य शिकल्या. हाताला चित्रकलेचे वळण होतेच. आपण चुकून युरोपात जन्मलो, आपला आत्मा भारतीयच आहे, अशी त्यांची भावना होती. कुणी त्यांना परदेशी म्हटले की त्यांना ते रुचत नसे.

यावर क्षणभर थांबू या. एखादा माणूस या मातीचा आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे? जन्मावरून, कातडीच्या रंगावरून की नावावरून? आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांनीही हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो, कधी थट्टेत, कधी तसा नाही. या बाबतीत आपल्याला फादर थॉमस स्टीफन्स आठवावेत. जन्माने इंग्रज असलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात राहून मराठी आत्मसात केली आणि त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून झाले. फादर स्टीफन्स ख्रिस्ताचा संदेश घेऊन आले आणि मराठीचे झाले. सावित्रीबाई भारताच्या ओढीने आल्या आणि वेगळ्या धर्ममार्गाने गेल्या. त्यांचा मार्ग आपला नव्हे. पण दोघांच्या जीवनातून एकच गोष्ट दिसते. माणूस या मातीला काय देतो, त्यावरून तो या मातीचा ठरतो.

क्रूस आणि चक्र

आता आपण १९४७ सालाकडे येऊ. भारत स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात काश्मीरमध्ये युद्ध सुरू झाले. आपले सैनिक लढत होते, मरत होते. पण त्यांच्या पराक्रमाचा गौरव करायला स्वतंत्र भारताचे स्वतःचे पदक नव्हते. तोवरची सर्व पदके ब्रिटिश राजमुकुटाची होती.

त्यांतील सर्वांत मोठे व्हिक्टोरिया क्रॉस. हे पदक १८५६ साली सुरू झाले. तेही कांस्याचे आणि नावाप्रमाणे क्रुसाच्या आकाराचे. भारतीय सैनिकांना ते मिळण्याची सोय १९११ पासून झाली. आपल्या मराठी सैनिकांनीही ते मिळवले. माणगाव भागातील नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. वय अवघे २२ वर्षे. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या तरुण पत्नीच्या हाती देण्यात आला. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून उचलून पैलतीरी आणले आणि नंतर शत्रूच्या मशिनगनची ठाणी एकट्याने मोडून काढली. ते जिवंत परतले.

या वीरांचा पराक्रम अस्सल होता. पण पदकावर मुकुट परक्या राजाचा होता. स्वतंत्र देशाला आपल्या सैनिकाच्या छातीवर तो मुकुट यापुढे लावता येणार नव्हता.

नव्या पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर आली. भारतीय सेनेचे पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल ते हेच. त्यांनी पदकांना भारतीय नावे सुचवली. परमवीर, महावीर, वीर. ही नावे आज आपल्याला इतकी ओळखीची झाली आहेत की ती कुणीतरी विचारपूर्वक निवडली याची आठवणही राहत नाही. आता या नावांना शोभेल असे रूप हवे होते. ते रूप विलायती पदकाची नक्कल असून चालणार नव्हते आणि अर्थाशिवायची नक्षीही असून चालणार नव्हते. त्यासाठी चित्रकला येणारा आणि पुराणे जाणणारा माणूस हवा होता. अटल यांना सहकाऱ्याच्या घरातल्याच सावित्रीबाई आठवल्या.

ही गोष्ट घडली तेव्हा देशात चित्रकारांची आणि संस्कृत पंडितांची वाण नव्हती. तरीही राष्ट्राच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे काम स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका स्त्रीकडे सोपवण्यात आले आणि तेही स्वातंत्र्य नुकतेच मिळाले असताना, परक्यांविषयीचा राग ताजा असताना. अटल यांनी त्यांचे जन्मस्थान पाहिले नाही, त्यांचा अभ्यास पाहिला. त्यांच्या मनाच्या या मोठेपणाचीही नोंद घ्यायला हवी.

दधीचींचे दान

सावित्रीबाईंनी परमवीर चक्रासाठी वज्र निवडले. वज्र हे इंद्राचे शस्त्र. पण ते कसे निर्माण झाले, यातच सारे मर्म आहे.

पुराणातील कथा अशी. वृत्र नावाच्या असुराने देवांना जेरीस आणले. कोणत्याही ज्ञात शस्त्राने तो मरत नव्हता. दधीची नावाच्या तपस्वी ऋषींच्या अस्थींपासून केलेल्या शस्त्रानेच त्याचा वध होईल असे कळले. देव दधीचींकडे गेले. मागणे अवघड होते, कारण ते देण्यासाठी ऋषींना प्राणच सोडावे लागणार होते. दधीचींनी नकार दिला नाही. त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अस्थींपासून वज्र घडले आणि त्या वज्राने वृत्र मारला गेला.

परमवीर चक्र हे सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे गोल पदक आहे. मधोमध राष्ट्रचिन्ह आहे आणि त्याभोवती चार दिशांना इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत पदकाचे नाव आणि मधे कमळे. चार दिशांना पसरलेली ती वज्रे पाहताना एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरी एक आकृती उभी राहिली तर नवल नाही. पण ती सावित्रीबाईंच्या मनात होती असे म्हणणे उचित होणार नाही. त्यांच्या मनात दधीची होते.

यातील विचार नीट पाहा. सर्वोच्च युद्धपदकावर काय कोरावे असे आपल्याला कुणी विचारले असते, तर आपण तलवार, सिंह, वाघ, ढाल अशी उत्तरे दिली असती. सावित्रीबाईंनी शस्त्रच निवडले, पण असे शस्त्र की ज्याचा उगम कुणालातरी मारण्यात नसून स्वतःला देण्यात आहे. इंद्राने वृत्राला मारले हे खरे, पण हे पदक इंद्राच्या विजयाची आठवण करून देत नाही. दधीचींच्या दानाची करून देते.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात धैर्य या सद्गुणाचा विचार शिकवला जातो. ॲरिस्टॉटल म्हणतो की धैर्य हे भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधली वाट आहे. ज्याला भीती वाटतच नाही तो धीराचा माणूस नव्हे. भीती असूनही जे योग्य ते करतो, तो धीराचा. संत थॉमस अक्वायनस याच्या पुढे जातात. त्यांच्या मते धैर्याचे मुख्य कार्य हल्ला करणे हे नाही. संकटासमोर ढळता न येणे, सोसणे, टिकून राहणे हे त्याचे मुख्य कार्य आहे, कारण ते हल्ल्यापेक्षा अवघड असते. सावित्रीबाईंच्या पदकात हाच विचार दिसतो, आणि त्यांनी तो आपल्या पुराणांतून काढला.

ख्रिस्ती माणसाला शौर्यपदकाविषयी एक अडचण वाटू शकते. शत्रूवर प्रीती करा असे शिकवणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी. मग शत्रूला मारणाऱ्याचा गौरव कसा करायचा? ही अडचण खरी आहे आणि ती सहज झटकून टाकू नये. युद्ध हे दुःखच आहे, जिंकलेले असले तरीही. पलीकडे पडलेला सैनिकसुद्धा कुणाचातरी मुलगा असतो. पण ज्या पदकावर दधीचींची आठवण आहे, ते पदक किती मारले याचा हिशेब विचारत नाही. दुसऱ्यांसाठी स्वतःचे काय दिले, हे विचारते. मित्रांसाठी प्राण देण्याहून थोर प्रीती नाही हे आपणही मानतो.

इतर पदके

२६ जानेवारी १९५० रोजी, भारत प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके स्थापन झाली. ती १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आली. महावीर चक्र आणि वीर चक्र ही दोन्ही चांदीची. महावीर चक्रावर पंचकोनी तारा, फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्रावर ताऱ्याच्या मध्यात चक्र, फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. म्हणजे खालच्या पायरीवरची पदके चांदीची आणि सर्वोच्च पदक कांस्याचे. मान धातूच्या बाजारभावावर ठरत नाही, हे यातून आपोआप सांगितले गेले. परमवीर चक्र एखाद्याला पुन्हा मिळाले, तर फितीवर एक पट्टी जोडण्याची तरतूद आहे. आजवर तशी वेळ आलेली नाही.

पराक्रम फक्त रणांगणावर होतो असे नाही. शत्रूच्या सैन्याशी सामना नसतानाही माणसे दुसऱ्यासाठी प्राण पणाला लावतात. त्यांच्यासाठी १९५२ साली अशोक चक्र तीन वर्गांत सुरू झाले. १९६७ पासून त्या तीन वर्गांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे आहेत. ही रूपेही सावित्रीबाईंच्याच नावावर आहेत. अशोक चक्रावर मधोमध ज्याचे नाव त्याला मिळाले ते चक्र आणि भोवती कमळांची माळ. हे पदक सैनिकाबरोबर पोलिसाला आणि सामान्य नागरिकालाही मिळू शकते.

आणखी एक पदक आपल्या भागाला विशेष जवळचे वाटावे. १९४७ चे सामान्य सेवा पदक सावित्रीबाईंनीच रेखाटले असे सांगितले जाते. ते अचाट पराक्रमासाठी नव्हते. ठरलेल्या मोहिमेत जो इमानाने राबला, त्या प्रत्येकासाठी होते. त्यावर तेजोवलयात भवानी तलवार आहे. राजगड आणि तोरण्याच्या छायेत राहणाऱ्या आपल्याला भवानी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पण ती तलवार सर्वांत मोठ्या वीराच्या पदकावर नाही. स्वयंपाकी, चालक, वायरलेसवाला, ओझी वाहणारा अशा कुणाच्याही छातीवर लागू शकेल अशा सेवा पदकावर ती आहे.

ज्यांच्या छातीवर ती पदके आली

पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळाले, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगाम येथे त्यांची तुकडी संख्येने कितीतरी मोठ्या हल्लेखोरांसमोर उभी राहिली. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तशा हातानेही ते सैनिकांना बंदुकीची काडतुसे भरून देत राहिले. तोफगोळा येऊन पडला तोवर ठाणे सुटले नव्हते आणि विमानतळ वाचला. ते गेले तेव्हा परमवीर चक्र अस्तित्वातही नव्हते. माणूस आधी गेला, पदक मागून आले. योगायोग असा की सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. सासूने रेखाटलेले पहिले पदक तिच्याच लेकीच्या सासरी गेले. घरात सन्मान आला तो घरातला माणूस गमावून.

दुसरे उदाहरण सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे हे सुपुत्र बॉम्बे सॅपर्समध्ये होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी हा रस्ता सैन्यासाठी मोकळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली, वरून गोळ्यांचा मारा. राणे जखमी झाले, तरी रणगाड्याच्या खाली सरपटत जाऊन सुरुंग काढत राहिले. ८ ते ११ एप्रिल असे हे काम चालले. देशाचे सर्वोच्च युद्धपदक त्यांना वाट मोकळी केल्याबद्दल मिळाले. ते त्यांनी हयातीत छातीवर लावले आणि १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

तिसरे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीतले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आधी सैन्यात होते, नंतर मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या देहात घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे त्यांचे सहकारी वाचले आणि अतिरेकी जिवंत सापडला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले. दधीचींची कथा पुराणातली. पण दुसऱ्यांच्या रक्षणासाठी स्वतःचा देह पुढे करणे म्हणजे काय, हे सांगायला आता पुराणात जाण्याची गरज उरली नाही.

एकटेपणातील सेवा

पदकांची स्थापना झाली आणि दोनच वर्षांनी, १९५२ साली, मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. ज्या माणसासाठी त्यांनी माहेर, देश आणि भाषा सोडली, तोच गेला. परत जाण्याचे दार उघडे होते. परत गेल्या असत्या तर त्यात गैर काहीच नव्हते. पण त्या गेल्या नाहीत. रूथने आपल्या सासूला सोडून जाण्याचे नाकारले, ती कथा आपण पवित्र शास्त्रात वाचतो. नवरा गेल्यावरही त्या घराची आणि त्या लोकांची साथ न सोडणे म्हणजे काय, हे त्या कथेमुळे आपल्याला ठाऊक आहे.

उरलेले आयुष्य त्यांनी साधनेत आणि सेवेत घालवले. रामकृष्ण मठाशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. फाळणीत घरदार गमावलेले लोक, युद्धात कर्ता माणूस गमावलेली सैनिकांची कुटुंबे यांच्यासाठी त्या काम करत. या गोष्टीचे महत्त्व मला पदकांइतकेच वाटते. पदक वीराच्या छातीवर लागते. तो नसेल तर त्याच्या पत्नीच्या किंवा आईच्या हातात दिले जाते. टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि मग ती बाई घरी येते. घरी चूल तीच असते, मुले तीच असतात, फक्त माणूस नसतो. कांस्याचा तो तुकडा रात्री मुलाचा ताप उतरवत नाही. पदक घडवणाऱ्या हातांना हे कळले होते, म्हणून ते हात त्या घरांपर्यंतही गेले.

त्यांनी महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पंढरीची वाट ज्यांनी दाखवली त्यांची ओळख जगाला करून देणारी लेखणी न्यूशातेलमध्ये जन्मलेल्या बाईची होती. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. १९४९ साली याच तारखेला आपल्या देशाने राज्यघटना स्वीकारली होती, आणि तुकाराम ओंबळे यांनी त्यांच्या अशोक चक्राचे मोल चुकवले तेही अठरा वर्षांनी याच तारखेला.

आपल्यासाठी

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची नावे देण्यात आली. वीरांची आठवण अशी नकाशावर राहील. सावित्रीबाईंची आठवण त्या प्रत्येक पदकात आहे, पण त्यावर त्यांचे नाव नाही. पदक घडवणाऱ्याने स्वतःचे नाव कोरायचे नसते.

त्यांच्या जीवनाकडे पाहताना दोन गोष्टी मनात ठेवू या. पहिली, कुणालाही परका म्हणण्याआधी तो काय देतो आहे ते पाहावे; आणि आपल्याला कुणी परके म्हटले, तर वाद घालण्यात शक्ती न घालवता आपले देणे चालू ठेवावे. दुसरी, आपल्या गावातील ज्या घराच्या भिंतीवर गणवेशातला फोटो आहे, त्या घरी या आठवड्यात जाऊन या. म्हातारे फौजी असतील तर त्यांच्याजवळ बसा, पेटीतली पदके बाहेर काढायला सांगा, प्रत्येक फितीची गोष्ट विचारा. मुलांना बरोबर न्या. आणि त्या घरात फक्त त्यांची पत्नी किंवा आई उरली असेल, तर पदकाविषयी नंतर विचारा. आधी त्यांना विचारा की रेशन आणले का, औषधे आहेत का, पेन्शनच्या कागदांसाठी कुणी बरोबर यायला हवे आहे का.

तुमचा धर्मगुरू